गडद रंग नकोच का? गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याला खुलणारे रंग कसे शोधावेत

प्रश्न : माझं वय 34. रंग गव्हाळ म्हणावा तर त्याहून गडद, सावळा म्हणावा तर थोडा उजळ. ‘तुझ्या रंगाला फिकेच कपडे बरे, गडद घालू नकोस, अजून काळी दिसशील,’ हे लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे कपाटात बदामी, फिका गुलाबी, पिस्ता असंच सगळं साचलंय. पण ते घातलं की लोक विचारतात, ‘बरं नाही का?’ व्हिडिओ कॉलवर तर चेहरा राखेसारखा दिसतो. मनगटाच्या शिरा बघून ‘अंडरटोन’ (त्वचेच्या रंगातली मूळ झाक) ओळखायची चाचणी केली. सकाळी शिरा हिरव्या दिसल्या, संध्याकाळी निळ्या. एका अ‍ॅपनं मला ‘ऑटम’ (ऋतूंच्या नावांनी माणसांचे रंगगट पाडतात, त्यातला एक) ठरवलं आणि त्याच अ‍ॅपनं दुसऱ्या फोटोवरून ‘विंटर’. पुढच्या महिन्यात नवी नोकरी सुरू होतेय, कपडे घ्यायचेत. माझे रंग कुठले, हे घरच्या घरी कसं शोधू?
— एक वाचक

उत्तर : ‘बरं नाही का?’ असं लोक विचारतात, ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची नोंद. शिरा, अ‍ॅप आणि ऋतूंची नावं यांपेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे. डोळ्यांखालची सावली गडद वाटणं, ओठांचा रंग उडाल्यासारखा दिसणं, तोंडाभोवतीची त्वचा डागाळ वाटणं ही न जुळणाऱ्या रंगाची लक्षणं, आणि थकव्याचीही तीच. म्हणून लोक तब्येतीची चौकशी करतात.

लहानपणापासून ऐकलेलं ते वाक्य मात्र आता सोडून द्या. ‘उजळ दिसतेय का’ हे माप हातात घेऊन रंग निवडायला बसलं की निवड हमखास बिघडते. पाहायचंय ते एवढंच, की कुठल्या रंगाशेजारी तुमचा चेहरा एकसारखा, ताजा आणि ठळक दिसतो. सावळा चेहरा सावळाच राहून देखणा दिसतो, त्याला दुसरं काही दिसायची गरज नाही. आणि गंमत अशी, की ज्यांनी तो सल्ला दिला त्यांच्या मापानंही तो उलटाच आहे. कुठल्याही रंगाचा गडदपणा डोळा शेजारच्या रंगाच्या तुलनेत ठरवतो. फिक्या कपड्याशेजारी त्वचा आहे त्याहून गडद वाटते आणि गडद कपड्याशेजारी आहे त्याहून उजळ.

हे तुलनेचं गणित जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच मांडलं गेलंय. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की सुतावर काळा रंग नीट चढत नाही, ते फिकं दिसतं. त्यांनी तपासलं तेव्हा रंगाईत खोट सापडली नाही. काळ्या सुताच्या शेजारी विणलेले रंग त्याला फिकं करत होते. 1839 मध्ये त्यांनी या परिणामाचे नियम प्रसिद्ध केले आणि कुठल्या वर्णाशेजारी कुठल्या रंगाचा कपडा काय करतो, हेही त्यात तपासलं.

चेहऱ्याजवळ कपडा आला की खरं तर दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली ही तुलनेची : हिरव्या कपड्याशेजारी त्वचेतला लालसरपणा वाढल्यासारखा वाटतो, कारण डोळा शेजारच्या रंगाला विरुद्ध रंगाकडे ढकलतो. दुसरी परावर्तनाची : वरून पडलेला उजेड कपड्यावरून उलटून हनुवटीच्या खालच्या बाजूला आणि जबड्यावर पडतो, आणि तिथे कपड्याचाच रंग सांडतो. म्हणजे चकचकीत पोपटी कापड गाल लालसर करू पाहतं आणि हनुवटी हिरवट. यातलं कोण जिंकेल, हे कापडाची चमक, उजेडाची दिशा आणि कपड्याचं चेहऱ्यापासूनचं अंतर यांवर ठरतं. कागदावरच्या तक्त्यातून हे कधीच कळत नाही. कापड हनुवटीखाली धरून पाहावंच लागतं.

शिरांनी आणि अ‍ॅपनं का फसवलं

शिरेतलं रक्त गडद लाल असतं. लाल प्रकाश त्वचेत खोलवर जातो आणि शिरेत बराचसा शोषला जातो, निळा प्रकाश वरच्या थरांतूनच परत फिरतो. शिवाय आसपासच्या उबदार रंगाच्या त्वचेशी तुलना करून डोळा शिरेला निळी-हिरवी ठरवतो. त्यामुळे शीर किती खोल आहे, तिच्यावर मेलॅनिन (त्वचेतलं रंगद्रव्य) किती आहे आणि खोलीत उजेड कसला आहे, या तिन्हींनी उत्तर बदलतं. सावळ्या त्वचेत तर शिरा नीट दिसतच नाहीत. तुमचं सकाळचं उत्तर आणि संध्याकाळचं उत्तर वेगळं आलं, ते चाचणीच कच्ची असल्यामुळे.

अ‍ॅपची अडचण फोनच्या कॅमेऱ्यात आहे. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा समतोल आपोआप लावतो. मागे पिवळी भिंत असेल तर तो सगळं चित्र निळसर करतो, निळी चादर असेल तर पिवळसर. मग अ‍ॅप त्या बिघडलेल्या रंगावरून ऋतू ठरवतं. ऋतूंची पद्धत 1980 च्या दशकात फार लोकप्रिय झाली, पण तिच्या सुरुवातीच्या मांडणीत गडद वर्णाच्या बहुतेकांना सरसकट ‘विंटर’मध्ये टाकलं जाई. सावळ्या त्वचेतही उबदार (पिवळ्या-नारिंगीकडे झुकणारी), थंड (निळ्याकडे झुकणारी) आणि हिरवट झाक असलेल्या अनेक छटा असतात, हे त्या चार खणांत मावत नव्हतं. नावापुरता ऋतू कुठलाही असो, त्यावरून खरेदी करू नका.

अंडरटोन ही गोष्ट खोटी मुळीच नाही. त्वचेचा रंग मुख्यतः तिघांचा : मेलॅनिनचा तपकिरी, रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लाल आणि कॅरोटीनचा पिवळा. यांचं प्रमाण माणसागणिक बदलतं आणि त्यातून झाक ठरते. पण जगभरातल्या माणसांची त्वचा पाहिली तर मूळ रंग नारिंगीच्याच अरुंद पट्ट्यात येतो, कुणाचा थोडा लालाकडे तर कुणाचा पिवळ्याकडे. खूप मोठा फरक असतो तो गडदपणात. म्हणून झाक शोधण्यात आधी वेळ घालवणं मला उलटं काम वाटतं.

अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी 1905 मध्ये रंगाची मोजणी तीन अंगांनी मांडली : तो कुठला रंग आहे, किती उजळ किंवा गडद आहे, आणि किती तीव्र आहे, म्हणजे भडक की मळकट. तुमच्या कपाटातल्या कपड्यांना हे लावून पाहा. बदामी म्हणजे त्वचेचाच नारिंगी रंग, फक्त फिका आणि मळका. फिका गुलाबी आणि पिस्ता यांचीही तीव्रता अगदी कमी. तुमचे केस आणि डोळे (काळे किंवा गडद तपकिरी असावेत असं धरते) ठळक, त्वचा मध्यम-गडद, आणि मधेच हे पुसट कापड. ते चेहऱ्याला काही देत नाही आणि त्याच्या शेजारी डोळ्यांखालची सावली मात्र उठून दिसते. म्हणून शोध या क्रमानं करा : आधी गडदपणा, मग तीव्रता, आणि शेवटी ऊब की थंडावा.

कापड धरून पाहण्याची रीत

सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, थेट ऊन येत नाही अशा खिडकीसमोर साधारण एक मीटरवर बसा. उजेड समोरून यायला हवा. बाजूनं आला तर अर्ध्या चेहऱ्यावर सावली पडते आणि ती कपड्याच्या माथी मारली जाते. खोलीतले सगळे दिवे बंद करा. पिवळ्या बल्बचा उजेड 2700 केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा) आसपास असतो, दिवसाचा 5000 ते 6500. दोन्ही मिसळले की डोळ्याला काहीच धड कळत नाही. खिडकीबाहेर दाट झाडी किंवा रंगीत भिंत असेल तर तिचाही रंग आत येतो, तेव्हा दुसरी खिडकी शोधा.

चेहऱ्यावर काही नको. फाउंडेशन तर नकोच, पण काजळ, लिपस्टिक आणि पांढरट थर सोडणारं सनस्क्रीनही नको. चेहरा धुतल्यावर अर्धा तास थांबा, कारण चोळल्यामुळे आलेली लाली उतरायला वेळ लागतो. केस मागे बांधा. ते रंगवलेले असतील तर पांढऱ्या किंवा राखाडी फडक्यानं झाका. अंगातला कपडाही पांढरा किंवा राखाडीच असू द्या. चष्मा रोज लावत असाल तर लावूनच बसा.

कापडं बिनचमकीची, एकरंगी आणि निदान 50 बाय 70 सेंटिमीटरची हवीत, म्हणजे दोन्ही खांदे झाकले जातील. रुमालाएवढ्या तुकड्यानं परावर्तन पुरेसं होत नाही आणि चाचणी गुळमुळीत राहते. उशीचे अभ्रे, टॉवेल, चादरी, ओढण्या, मैत्रिणीचे कपडे असं गोळा करून बारा-चौदा रंग सहज जमतात.

एका वेळी दोनच कापडांची तुलना करायची. डोळे मिटा, कापड हनुवटीखाली अगदी गळ्याला लागून धरा (कुणी मदतीला असलं तर फारच उत्तम), डोळे उघडा आणि पहिल्या चार-पाच सेकंदांत निर्णय घ्या. जास्त वेळ पाहिलं की डोळा त्या रंगाला सरावतो आणि सगळंच ठीक वाटायला लागतं. दोन कापडांच्या मधे थोडा वेळ राखाडी फडक्याकडे पाहा.

नजर कापडावर ठेवायची नाही. डोळ्यांखाली, नाकपुड्यांपासून ओठांच्या कडेला येणाऱ्या रेषांवर, तोंडाभोवती आणि जबड्याच्या कडेवर पाहा. जमणाऱ्या रंगाशेजारी या सावल्या मऊ होतात, जबड्याची कड स्पष्ट दिसते, ओठांना रंग येतो, डोळ्यांचं पांढरं स्वच्छ वाटतं. न जमणाऱ्या रंगाशेजारी त्वचा राखाडी, पिवळट किंवा ठिपक्याठिपक्यांची दिसते, किंवा नजर कपड्यावर जाऊन अडकते आणि चेहरा नंतर दिसतो. मदतीच्या माणसाला ‘मी कशी दिसते?’ विचारू नका, ‘कुठल्या कापडात डोळ्यांखालचं जास्त काळं दिसतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माया उत्तर देते, दुसऱ्याला डोळे.

पहिली फेरी गडदपणाची. काळा आणि मध्यम राखाडी, मग नेव्ही आणि आकाशी, मग स्वच्छ पांढरा आणि फिका बदामी. इथे फोनचा उपयोग आहे : फोटो कृष्णधवल करून पाहा, म्हणजे रंगाची भूल जाते आणि फक्त उजळ-गडद उरतं. ज्या फोटोत चेहरा आणि कापड एकाच करड्या पट्ट्यात मिसळून जातात, तो गडदपणा गळ्याजवळ टाळायचा. फोटोंमध्ये तुलना करायची असेल तर सगळे दहा मिनिटांच्या आत काढा, ढग आला की उजेड बदलतो. फोनमध्ये उजेड आणि पांढऱ्याचा समतोल कुलूपबंद करायची सोय असेल तर ती वापरा.

दुसरी फेरी तीव्रतेची. राणी रंग आणि धुरकट गुलाबी. मोरपंखी आणि राखाडी झाक असलेला निळा. भडक जांभळा आणि मळकट जांभळा. गडदपणा शक्य तितका सारखा ठेवा, नाहीतर नेमकं कशामुळे काय बदललं ते समजणार नाही.

तिसरी फेरी झाकेची, आणि ती लाल रंगापासून सुरू करा, कारण लालात फरक सगळ्यांत ठळक दिसतो. टोमॅटोसारखा नारिंगीकडे झुकणारा लाल आणि डाळिंबीसारखा निळ्याकडे झुकणारा लाल. मग शेवाळी आणि बाटलीसारखा गडद हिरवा. मग मोतिया आणि स्वच्छ पांढरा. प्रत्येक जोडीत उबदार बाजू जिंकली तर झाक उबदार, थंड बाजू जिंकली तर थंड. कधी ही, कधी ती, असं झालं तर तुम्ही मधल्या आहात आणि झाकेची काळजी सोडून द्यायला हरकत नाही. नारिंगी लाल चेहऱ्याला पिवळा करतो आणि निळसर लाल त्याला राखाडी करतो, असं दोन्हींकडून नाही म्हटलं तर त्वचेत हिरवट झाक असण्याची शक्यता बरीच. गव्हाळ-सावळ्या वर्णात ती खूप आढळते. अशा त्वचेवर मोहरी पिवळा बहुधा आजारी दिसतो आणि मोरपंखी, गडद जांभळा, वांगी हे रंग खुलतात.

पांढऱ्याबद्दल एक खुलासा. बाजारातल्या झगझगीत पांढऱ्या कापडात प्रकाश उजळणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतात, म्हणून दिवसा ते कापड पांढऱ्याहून पांढरं भासतं. गडद त्वचेला ही तीव्रता बऱ्याचदा पेलते आणि शोभतेही. मध्यम त्वचेवर कधीकधी ती चेहऱ्याला मागे ढकलते. म्हणून पांढरा नापास झाला असं ठरवण्याआधी साधा, न उजळलेला पांढरा सुती कपडाही धरून पाहा.

दहा-बारा कापडांनंतर डोळे थकतात. थांबा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी करा. ज्या रंगांबद्दल शंका आहे ते दोन वेगवेगळ्या दिवशी तपासा. चेहरा उन्हानं रापलेला असेल आणि मान उजळ असेल तर कौल जबडा आणि मान यांच्या बाजूनं घ्या, कपडा तिथेच बसतो.

तुमच्या कपाटाचं काय

तुम्ही लिहिलंय त्यावरून चाचणीत पहिल्यांदा हे रंग घ्या : नेव्ही, मोरपंखी, बाटली हिरवा, डाळिंबी, गडद जांभळा, राणी, आणि उबदार बाजूला विटकरी. गुलाबी तुम्हाला आवडत असेल तर तो सोडायचं कारण नाही; गुलाबीची तीव्रता वाढवा, इतकंच. तपकिरी रंगात सावध राहा. तुमच्या त्वचेइतकाच गडद तपकिरी घेतला तर चेहरा आणि कपडा एक होतात. त्याच कुळातला, पण बराच गडद असा कॉफी घेतला तर चांगला दिसतो.

जुने कपडे टाकून देऊ नका. चेहऱ्यावर परिणाम करतो तो हनुवटीपासून वीतभर अंतरातला कपडा. बदामी आणि पिस्ता कमरेखाली घाला, तिथे ते काहीच बिघडवत नाहीत. फिका टॉप असेल तर गळा थोडा खोल निवडा, म्हणजे मधे त्वचेचा पट्टा येतो आणि परावर्तन कमी होतं. किंवा जमणाऱ्या रंगाचा 15-20 सेंटिमीटर रुंद स्कार्फ गळ्याजवळ घ्या, किंवा वरून गडद जॅकेट चढवा. लिपस्टिकची तीव्रता एक पायरी वाढवली तरी पुसट कपडा बराच सावरतो.

व्हिडिओ कॉलवरची राख कॅमेऱ्यामुळेही येते. चौकटीत फिका कपडा आणि फिकी भिंत जास्त असली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो सगळं चित्र काळवंडवतो, चेहऱ्यासकट. मध्यम-गडद कपडा घालून खिडकी समोर येईल असे बसलात की निम्मी तक्रार तिथेच मिटते. खिडकी पाठीमागे मात्र कधी ठेवू नका.

नव्या नोकरीसाठी एकदम कपाट भरू नका. चाचणीत पहिले आलेले तीन रंग वरच्या कपड्यांना आणि कमरेखाली घालायला दोन शांत रंग (नेव्ही आणि कोळशी राखाडी चालतील, आणि तुमचं बदामी आहेच) यांत दोन आठवडे आरामात निघतात. छापील कापड घेताना तीन मीटर मागे जा आणि डोळे किलकिले करून पाहा. त्या अंतरावरून जो एकच रंग उरतो, तोच चेहऱ्याशी बोलणार. निळी-पिवळी बारीक फुलं दुरून मळकट हिरवी दिसू शकतात. कापडाचा पोतही ध्यानात घ्या : एकच रंग सॅटिनवर उजळ आणि मखमलीवर खोल दिसतो, आणि चमकदार कापड हनुवटीवर जास्त रंग टाकतं. काळा सुती कपडा धुऊन धुऊन करडा होतो, तेव्हा तो काळा राहिलेला नसतो. गळ्याजवळ त्याचा हिशेब नव्यानं करायचा.

दुकानातल्या उजेडावर विसंबू नका. दोन कापडं एका दिव्याखाली तंतोतंत सारखी आणि दुसऱ्याखाली वेगळी दिसू शकतात, कारण त्यांत वापरलेले रंग वेगवेगळे असतात. चाचणीत जिंकलेल्या कापडाचा तुकडा किंवा एखादा कपडाच सोबत न्या आणि नवीन कपडा दारापाशी उजेडात नेऊन त्याच्या शेजारी धरा. घरी आल्यावर त्याच खिडकीसमोर, धुतलेल्या चेहऱ्यानं, तो पुन्हा एकदा गळ्याला लावून पाहा. संध्याकाळी दिव्याखाली आणि शक्य असेल तर ऑफिससारख्या पांढऱ्या ट्यूबखालीही पाहा. तोवर लेबल काढू नका आणि पावती जपून ठेवा.